दुखणे अंगावर काढण्याची परंपरा : आजारातील व्यायामविषयक विचारांचा इतिहास (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना

मराठी भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार रूढ आहे. औषध न घेता, विश्रांती न घेता, नित्याचे काम चालू ठेवून आजार सोसणे असा त्याचा अर्थ. या वाक्प्रचारात तक्रार असते, त्याचप्रमाणे सूक्ष्म असा अभिमानही असतो. शेतमजुराच्या बाबतीत दुखणे अंगावर काढणे ही सक्ती असते. परंतु आखाड्यातील मल्ल किंवा मैदानावर धावणारा तरुण जेव्हा तापातही आपला नेम मोडत नाही, तेव्हा ती निवड असते व तिला निष्ठेचे मोल दिले जाते. ‘घाम गाळला की ताप उतरतो’ ही समजूत या निष्ठेच्या पाठीशी उभी असते.

आजारी माणसाने व्यायाम करावा की करू नये, या प्रश्नाचा विचार भारतीय वैद्यकाने फार पूर्वी व आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने केलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात जी व्यायामचळवळ उभी राहिली, तिने या वैद्यकाचा वारसा सांगितला. मात्र त्यातील निषेधाचा भाग मागे पडला आणि विधीचा भाग तेवढा पुढे आला. हे का घडले आणि त्याचे परिणाम हिमज्वर, इन्फ्लुएंझा व सिकलसेल यांचा अनुभव घेतलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात कोणते संभवतात, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संहितांमधील ज्वर आणि व्यायाम

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये व्यायामाची स्तुती आढळते, हे सर्वश्रुत आहे. शरीराला हलकेपणा, कामाची क्षमता, जठराग्नीची दीप्ती व मेदाचा क्षय ही व्यायामाची फले वाग्भटाने सांगितली असून शाळा-महाविद्यालयांच्या व्यायामविषयक भाषणांत त्यांचा उल्लेख हमखास होतो. त्याच ठिकाणी वाग्भटाने वात-पित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्ण झालेला मनुष्य यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. या वचनाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सुश्रुताची यादी अधिक लांब आहे. रक्तपित्ताचा रोगी, कृश, शोषाने ग्रस्त झालेला, दमा व खोकला असलेला, जखमी, नुकताच जेवलेला आणि चक्कर येणारा अशा सर्वांनी व्यायाम टाळावा असे तो म्हणतो. बलवान मनुष्यासाठीही मर्यादा आहे ती अर्ध्या शक्तीची. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. काख, कपाळ, नाक व सांधे यांवर घाम दिसणे आणि तोंडाला कोरड पडणे ही लक्षणे नंतरच्या परंपरेने त्यात मिळविली. अतिव्यायाम करणारा मनुष्य हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा दृष्टान्तही याच परंपरेतील. अतिव्यायामाने उद्भवणाऱ्या विकारांत चरकाने खोकला व ओकारी यांच्याबरोबर ज्वराचाही समावेश केला आहे.

ज्वरचिकित्सेतील चरकाचे विवेचन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. नव्या ज्वरात लंघन व स्वेदन हे त्याने प्रमुख उपचार सांगितले आहेत. आता चरकाच्याच सूत्रस्थानात लंघनाचे जे दहा प्रकार दिले आहेत, त्यांत व्यायाम आहे. अग्नीवाचून घाम आणण्याचे जे दहा प्रकार दिले आहेत, त्यांतही व्यायाम आहे. किंबहुना त्या यादीचा आरंभच व्यायामाने होतो. तेव्हा ज्वरात लंघन द्यावे, घाम आणावा आणि व्यायामाने ही दोन्ही कार्ये साधतात, अशी सरळ तर्कसाखळी जुळविणे कोणालाही शक्य होते. ‘घाम गाळला की ताप उतरतो’ ही लोकसमजूत नेमकी हीच साखळी जुळविते. चरकाने ती जुळू दिली नाही. नव्या ज्वरात टाळावयाच्या गोष्टींत दिवसा झोप, स्नान, अभ्यंग, क्रोध व वाऱ्याचा झोत यांच्याबरोबर त्याने व्यायामाचे नाव स्पष्टपणे घातले. पांघरुणाखाली येणारा घाम आणि श्रमाने येणारा घाम दिसायला सारखेच असले, तरी शरीराला त्यांची किंमत निराळी पडते, हा भेद त्याच्या मनात स्पष्ट असला पाहिजे. अन्यथा आपल्याच दोन याद्यांना अपवाद करण्याचे त्याला कारण नव्हते.

चरक येथेच थांबत नाही. ज्वर उतरल्यानंतरही, मनुष्य पुन्हा बलवान होईपर्यंत, व्यायाम, मैथुन, स्नान आणि फिरणेसुद्धा टाळावे असे तो सांगतो. या ठिकाणी त्याने दिवसांची संख्या दिलेली नाही. बळ परत येणे एवढाच निकष आहे, आणि बळाची परीक्षा करण्याची रीत विमानस्थानात आली आहे. रोग्याच्या दशविध परीक्षेत ‘व्यायामशक्ती’ ही एक स्वतंत्र परीक्षा असून ती कर्म करण्याच्या क्षमतेवरून उत्तम, मध्यम व हीन अशी ठरवावयाची असते. म्हणजेच श्रम सोसण्याची ताकद ही वैद्याने पारखून घ्यावयाची गोष्ट होती. रोग्याने ती सिद्ध करून दाखवावी अशी अपेक्षा नव्हती.

या विवेचनावरून आयुर्वेद हा सर्वच रोग्यांना अंथरुणाला खिळवून ठेवणारा विचार होता, असा ग्रह होऊ नये. प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताने व्यायाम, कुस्ती, क्रीडा व पायपीट यांचा आग्रह धरला आहे. निर्धन प्रमेहीने तर पायात वहाण व डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे, असे तो म्हणतो. कृश प्रमेहीला मात्र त्याने यातून वगळले व जपावयास सांगितले. म्हणजे ‘आजारी’ असा एकच वर्ग या ग्रंथकारांपुढे नव्हता. कोणता रोग, त्याची कोणती अवस्था आणि शरीर स्थूल की कृश, यांवर उत्तर अवलंबून होते.

हिमज्वराचा मुलूख

यवतमाळ जिल्हा आजच्या स्वरूपात १९०५ मध्ये आकाराला आला. पूर्वीच्या वणी जिल्ह्याला पुसद हा तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. पैनगंगा व वर्धा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या मुलखात काळ्या कपाशीच्या जमिनी आहेत आणि सागाची जंगलेही आहेत. गोंड, कोलाम, परधान व आंध या समाजांची येथे जुनी वस्ती असून जंगलपट्टीत हिमज्वर हा ऋतूइतकाच ठरलेला पाहुणा होता.

वारंवार हिमज्वर येणाऱ्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बरगडीखाली हाताला लागू लागते. अशी पानथरी लहानशा आघातानेही फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन मृत्यू ओढवतो. ब्रिटिश काळात साहेबाच्या हातून मार खाल्लेला नोकर दगावला की बचावासाठी सुजलेल्या पानथरीचा आधार घेतला जाई. १८७६ साली गाजलेला आग्ऱ्याचा फुलर खटला याच प्रकारचा होता. त्यात आरोपीला अवघा तीस रुपये दंड झाला व व्हाइसरॉय लिटन यांनाही त्यावर नापसंती नोंदवावी लागली. न्यायाच्या इतिहासातील हे लाजिरवाणे प्रकरण होय. व्यायामाच्या इतिहासाला त्यातून एक वेगळी गोष्ट कळते. हिमज्वराच्या मुलखात तापातून उठलेल्या तरुणाने आठवड्याभरात कुस्तीची माती अंगाला लावणे हा जिवाशी खेळ होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या शरीरात काय सुजलेले आहे, हे प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही, आणि खुद्द त्या तरुणालाही ते ठाऊक नसते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने हाच प्रश्न प्रचंड प्रमाणावर उभा केला. मध्य प्रांत व वऱ्हाड हा त्या साथीत देशातील सर्वाधिक मृत्युदर नोंदविणाऱ्या प्रदेशांपैकी एक होता. या साथीचे वैशिष्ट्य असे की, एरवी अशा तापात बालके व वृद्ध बळी पडतात. या वेळी मात्र वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे अधिक गेली. साथीचा भीषण तडाखा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बसला आणि वऱ्हाडात हाच कापसाच्या वेचणीचा काळ होय. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला होता. ताप उतरल्यावरही काही दिवस अंथरुणात राहावे, असे त्या वेळचे डॉक्टर जगभर सांगत होते. चरकाचे सांगणेही यापेक्षा वेगळे नव्हते. परंतु हाती आलेल्या थोड्याशा कापसावर वर्षाचे पोट अवलंबून असलेल्या कुटुंबाला हा सल्ला कितपत पाळता आला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

आखाडा : अशक्तपणा आणि आजार यांची सरमिसळ

या साथीच्या चारच वर्षे आधी, १९१४ मध्ये, शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची स्थापना केली. पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने ही संस्था देशभर ख्यात झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. वऱ्हाडातील व्यायामप्रसाराचे हे मुख्य केंद्र होय. बडोद्यात राजरत्न माणिकराव, औंधात संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, लोणावळ्यात १९२४ पासून स्वामी कुवलयानंद, अशी या चळवळीची इतरही पीठे होती. त्यांच्यातील भेद महत्त्वाचे असले, तरी एक भूमी समान होती. पारतंत्र्यातील समाजाचे शरीर दुबळे झाले आहे आणि व्यायाम हा त्यावरचा उपाय आहे, ही ती भूमी.

या भूमीला एक आदर्श कथाही लाभली होती. कृश प्रकृतीच्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासाऐवजी तालमीला वाहिले व आयुष्यभर पुरेल असे शरीर कमावले, ही ती कथा. तिच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ती कथा अशक्तपणाची आहे, आजाराची नाही. अशक्त शरीराला क्रमाने वाढविलेला व्यायाम बळ देतो; तापाने ग्रासलेल्या शरीराचे आधीच चाललेले युद्ध तो अधिक बिकट करतो. सामूहिक प्रचाराच्या भाषेत हा भेद टिकला नाही. राष्ट्र आजारी आहे, असे रूपक एकदा स्वीकारले की व्यायाम हे त्याचे औषध ठरते, आणि मग औषध तापात बंद का करावे हा प्रश्न निरर्थक वाटू लागतो. नेम मोडणे हाच दोष ठरतो.

याला जागतिक वाऱ्याचीही साथ होती. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो याने भारताचा दौरा केला. डंबेल्सच्या शास्त्रशुद्ध व्यायामाचा तो जगप्रसिद्ध प्रचारक. पुढे त्याने लंडनमध्ये व्यायामाने रोग बरे करण्याची संस्थाच काढली. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्यातही नियमित नमस्कारांनी आजार दूर राहतात हा दावा अग्रभागी होता. १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने तो परदेशातही नेला. आजार दूर राहणे आणि आलेला आजार व्यायामाने घालविणे यांतील अंतर वाचकाच्या मनात किती राहते, हा प्रश्नच आहे.

तथापि या चळवळीने आजारी शरीराचा विचार मुळीच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणिकराव स्वतः हाडवैद्यकात निष्णात होते. त्यांचेच शिष्य असलेल्या कुवलयानंदांनी कैवल्यधामात क्ष-किरण व शरीरक्रियाशास्त्राच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी आरंभिली आणि निरोग्याचा अभ्यासक्रम व रोग्याची चिकित्सा ही दोन स्वतंत्र कार्ये मानली. डॉ. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा योगचिकित्सेवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण लोणावळ्याची ही सावध दृष्टी गावोगावच्या तालमीत पोहोचली नाही. तालमीत पोहोचली ती जोर-बैठकांची संख्या आणि उचललेल्या नालेचे वजन.

प्रयोगशाळेचा कौल

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाचे उत्तर सरळ मार्गाने मिळविले नाही. क्षयाच्या उपचारात संपूर्ण विश्रांतीवर त्याने अर्धशतक भिस्त ठेवली आणि १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने ती हादरविली. योग्य औषधे मिळाल्यास दाटीच्या घरात राहणारे, कमी विश्रांती व निकृष्ट आहार मिळणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, असे तेथे दिसून आले. पोलिओबाबत नेमका उलटा अनुभव आला. आजाराच्या आरंभी अंगमेहनत केलेल्या रुग्णांत पक्षाघात अधिक तीव्र होतो, असे रिची रसेल यांनी १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये दाखविले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग विशेष बोलका आहे. कॉक्सॅकी विषाणूची बाधा केलेल्या उंदरांना पोहण्यास भाग पाडले असता त्यांच्या हृदयातील विषाणूंची संख्या शेकडो पटींनी वाढली आणि मृत्यूही वाढले. १९७९ ते १९९२ या काळात स्वीडनमध्ये नकाशाच्या आधारे रानातून धावण्याच्या खेळातील सोळा तरुण खेळाडू अचानक मरण पावले. तपासात अनेकांच्या हृदयस्नायूला दाह झाल्याचे आढळले.

साध्या सर्दीचा न्याय मात्र वेगळा. अमेरिकेतील थॉमस वाइडनर यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांना सर्दीच्या विषाणूची बाधा करून त्यांच्याकडून मध्यम व्यायाम करवून घेतला, तेव्हा सर्दी वाढली नाही आणि लवकर बरीही झाली नाही. मानेचा दंडकही प्रचारात आला. लक्षणे मानेच्या वर, म्हणजे नाक व घसा एवढ्यापुरतीच असतील, तर हलका व्यायाम चालेल; ताप, छातीतील कफ, अंगदुखी किंवा जुलाब असतील, तर पूर्ण विश्रांती. २०२० नंतर कोविडमुळे हृदयस्नायूच्या दाहाची चर्चा घरोघरी पोहोचली आणि खेळाडूंच्या पुनरागमनासाठी टप्प्याटप्प्याची वेळापत्रके आखली गेली. वजने उचलण्याच्या व्यायामाला हे अधिकच लागू पडते. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब क्षणभर फार वर चढतो, आणि तापात पाण्याचा अंश कमी झालेल्या शरीराला तो ताण सहज पेलत नाही. रोगाचा प्रकार, अवस्था व बळ पाहून ठरवावे, या चरक-सुश्रुतांच्या भूमिकेजवळच विज्ञान फिरून आले आहे. त्याची कारणमीमांसा अर्थातच स्वतंत्र आहे. वात-पित्तांना विषाणूंचे प्राचीन नाव समजण्याची हौस टाळणेच इष्ट.

मैदानावरचा प्रश्न

यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा या गावांत पहाटे डांबरी रस्त्यावर किंवा महाविद्यालयाच्या मैदानावर धावणारी मुले-मुली हे गेल्या दोन दशकांतील परिचित दृश्य आहे. तालमीची जागा आता पोलीस भरतीच्या तयारीने घेतली असून राष्ट्राच्या दुबळेपणाऐवजी घरची कोरडवाहू शेती ही प्रेरणा आहे. भरतीत शारीरिक चाचणीचे गुण निर्णायक ठरतात. पूर्वी पुरुषांना पाच किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीच्या वेळी चार उमेदवारांचा मृत्यू झाल्यावर हे अंतर घटविण्यात आले. पुढे ते पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर झाले. झारखंडमध्ये २०२४ साली झालेल्या भरतीत दहा किलोमीटरच्या धावेत दहाहून अधिक उमेदवार दगावले. या सर्व मृत्यूंचे कारण एकच नव्हते. उष्णता, उपाशीपोटी केलेला प्रवास व अपुरी झोप यांचाही त्यात वाटा असतो. परंतु वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या चाचणीच्या दिवशी अंगात ताप असला, तर तो लपविण्याकडे उमेदवाराचा कल असणार, हे उघड आहे. येथे दुखणे अंगावर काढणे ही निष्ठाही नाही आणि पूर्णपणे सक्तीही नाही.

यवतमाळपुरता यात आणखी एक पदर आहे. हिमज्वराच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत सिकलसेलचे जनुक टिकून राहिले, कारण ते एकाच पालकाकडून आले तर घातक हिमज्वरापासून काहीसे संरक्षण मिळते. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखविले. दोन्ही पालकांकडून आले तर सिकलसेलचा आजार होतो. विदर्भात आदिवासींबरोबर काही अनुसूचित जातींतही हे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते. अशा रुग्णाला ताप, निर्जलीकरण व अतिश्रम यांतील कोणतीही एक गोष्ट तीव्र वेदनांच्या झटक्यास पुरेशी असते. भरतीच्या तयारीत या तिन्ही एकत्र येऊ शकतात. वाहकांचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण त्यांना एरवी काहीच त्रास नसतो. अमेरिकन सैन्यातील प्रशिक्षणार्थींवर आधारलेल्या १९८७ च्या अभ्यासात वाहकांमधील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे तीसपट आढळले होते. पुढे सैन्याने पाणी, विश्रांती व उष्णतेविषयीचे नियम कडक केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४८ हजार सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर वाढलेला दिसला नाही. श्रमामुळे स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक राहिला. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. वाहक तरुणाने धावू नये, असा त्यांचा अर्थ नाही, आणि त्या आधारावर कोणाला नोकरी नाकारणे हा तर उघड अन्याय ठरेल. वाहकाने क्रमाक्रमाने सराव वाढवावा, पाणी पीत राहावे आणि तापात मुळीच धावू नये, एवढेच त्यातून निघते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. भरतीसाठी धावणारा प्रत्येक तरुण या वयोगटात येतो आणि त्यांतील बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावर असतात. भरतीच्या प्रचलित क्रमात मात्र उमेदवार आधी धावतो, नंतर लेखी परीक्षा देतो, आणि वैद्यकीय तपासणी होते ती निवड झाल्यानंतर. चरकाच्या परीक्षेत व्यायामशक्ती पारखणारा वैद्य होता. येथे ती घड्याळ पारखते, आणि वैद्य येतो तो शेवटी.